गावच्या वर्कशॉपचा दोन फाळी पलटी नांगर: फ्रेम दणकट, फाळ कच्चा

पलूस, तासगाव, वाळवा, मिरज, कुठल्याही रस्त्याने जा, शेती अवजारांच्या वर्कशॉपपुढे लाल नाहीतर निळ्या रंगातले हायड्रॉलिक पलटी नांगर उभे दिसतात. कंपनीचा शिक्का नसतो. फ्रेमवर वेल्डिंगच्या रॉडनेच काढलेलं वर्कशॉपचं नाव, बास. ४५ ते ५५ एचपीच्या ट्रॅक्टरमागे चालणारा हा दोन फाळी नांगर कसा आहे, ते इथे एकेका भागाने बघू. आधी निकाल सांगून टाकतो: फ्रेम उत्तम, पलटीचा (माती उलटवणारा, वळवलेला) पत्रा चांगला, सिलिंडर ठीकठाक, आणि ज्याच्यासाठी नांगर घ्यायचा तो फाळ बहुतेक ठिकाणी कच्चा. तेवढं पारखून घेतलं तर ब्रँडेड नांगराला हा मागे हटत नाही.

याच मुलखात लोखंडी नांगर एकदा लोकांच्या गळी उतरवावा लागला होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी त्याला हात लावेनात. पुढे औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात कच्चं लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. त्या वेळचं गिऱ्हाईक लोखंडाबद्दल नको ती शंका घेत होतं. आजचं गिऱ्हाईक घ्यायला हवी ती शंकाही घेत नाही. रंग बघतो, वजन विचारतो, टायर घासत नाही ना एवढं पाहतो आणि पैसे मोजतो. फाळाचं पोलाद कुठलं आणि त्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून-विझवून कडक कसं केलंय, हे क्वचितच कुणी विचारतं.

नांगर म्हणायचा दोन फाळी, पण फाळ असतात चार: दोन खाली, दोन वर. तास, म्हणजे नांगराने पडणारी चर, संपलं की नांगर उचलायचा, सिलिंडर त्याला अर्धा फेरा फिरवतो, वरचे दोन खाली येतात आणि त्याच तासाला चिकटून परत फिरायचं. साध्या नांगराची माती एकाच अंगाला पडते, म्हणून शेताला फेरे घालावे लागतात, मधे पाट राहतो आणि कडेला वरंबा चढतो. पलटीने रान सपाट राहतं. उसाला आणि हळदीला पाणी सारखं बसायचं तर हे फार मोलाचं. कल्पना मात्र आजकालची नाही. जॉन फाउलरने इंग्लंडात वाफेच्या इंजिनाने दोरावर ओढायचा नांगर केला, त्यालाही दोन्ही टोकांना फाळ होते. एक टोक जमिनीत, दुसरं हवेत, मुलांच्या खेळातल्या सीसॉसारखं. दोरावरचा नांगर वळवता येत नाही, म्हणून ही युक्ती. १८५८ साली रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीने त्याला ५०० पौंडांचं बक्षीस दिलं. आपल्याकडे दोराच्या जागी ट्रॅक्टर आणि सीसॉच्या जागी सिलिंडर आला, एवढाच फरक.

आता फाळ. चांगल्या नांगराला बोरॉन पोलादाचा, उष्णता देऊन कडक केलेला फाळ असतो. गावच्या वर्कशॉपमध्ये तीन प्रकार सापडतात. एक, बाहेरून विकत आणलेला तयार बोरॉन फाळ. दोन, ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून कापून, तापवून, तेलात विझवलेला. तीन, साध्या एमएस (मऊ पोलादाच्या) प्लेटीतून गॅस कटरने कापून काळा रंग मारलेला. दिसायला तिन्ही सारखे. शोरूमच्या उजेडात नव्हे, उन्हात न्या आणि खिशातून नवी, बारीक दातांची कानस काढा. फाळाच्या धारेवर दाबून एकदा ओढा. कानस घसरू लागली, जोर लावूनही मुश्किलीने जेमतेम चावली, तर फाळ कडक आहे. दात सहज रुतले आणि चकचकीत कीस खाली पडला, तर ती साधी प्लेट. अशी परीक्षा धारेवर आणि धारेपासून दोन इंच मागे, दोन्हीकडे घ्या. कधी कधी नुसत्या टोकाला पाणी दिलेलं असतं आणि ते टोक झिजलं की उरलेला फाळ लोण्यासारखा जातो.

कमानपाट्याचा फाळ वाईट नसतो. मूळ पोलाद स्प्रिंगचं, चिवट. घोळ पाणी देताना होतो. लालभडक तापवून थेट पाण्यात बुडवला तर तो काचेसारखा ठिसूळ होतो आणि पहिल्याच दगडाला टोक उडतं. तेलात विझवून मग पुन्हा हलकासा तापवायला लागतो. ही दुसरी पायरी घाईत सगळ्यात आधी गळते. लोहार जुनाजाणता असेल तर तो रंग बघून सांगतो. नसेल तर तयार बोरॉन फाळच बसवून घ्या, फरकाचे पैसे द्या.

इथे सव्वादोनशे वर्षांपूर्वीची एक गंमत अजून कामाला येते. इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समने १८०३ साली ओतीव लोखंडाच्या फाळाचं पेटंट घेतलं. त्याच्या साच्याचा खालचा भाग थंड धातूचा होता, त्यामुळे वितळलेलं लोखंड त्या अंगाला झटकन निवून फार कडक व्हायचं आणि वरचं अंग मऊ राहायचं. शेतात चालताना वरचं मऊ अंग आधी झिजतं, खालचं कडक अंग पुढे राहतं आणि धार आपोआप तीक्ष्ण राहते. फाळ पाजवायला लोहाराकडे जायचं काम कमी. आपल्याला साच्याची गरज नाही, वेल्डिंग मशीन पुरे: फाळाच्या फक्त खालच्या अंगाला, धारेलगत अर्धा-पाऊण इंचाच्या पट्ट्यात हार्डफेसिंग रॉडची (कडक थर चढवणाऱ्या वेल्डिंग रॉडची) ओळ मारून घ्यायची. दोन्ही अंगांना मारू नका. मग धार झिजून बोथट गोल होते आणि नांगर जमिनीत शिरायचं सोडून वर चढतो. बोरॉन फाळावर रॉड मारण्याआधी फाळ हात लावता येणार नाही इतका गरम करून घ्यावा, आणि नंतर राखेत किंवा कोरड्या वाळूत हळू निवू द्यावा. गडबडीत वर पाणी ओतलं की ओळीला केसासारख्या चिरा पडतात आणि पुढच्या दोन दिवसांत त्या ओळीचे तुकडे शेतात राहतात.

फाळाच्या पुढची टोच वेगळी, बोल्टने बसणारी आणि उलटवता येणारी असेल तर तोच नांगर घ्या. सगळ्यात आधी टोचच झिजते. एक बाजू झिजली की फिरवून लावायची. टोच फाळाला वेल्ड केलेली असेल तर दोन इंच टोकासाठी अख्खा फाळ बदलावा लागतो.

पलटीच्या पत्र्यात गावची वर्कशॉप सहसा चुकत नाहीत. ८ मिमी जाडीचा, नीट वळवलेला पत्रा मिळतो. खरा प्रश्न कृष्णाकाठच्या काळ्या, चिकट जमिनीत. जॉन डियर नावाच्या लोहाराला १८३७ साली इलिनॉयमध्ये हाच प्रश्न पडला होता: तिथली चिकट माती ओतीव लोखंडाच्या नांगराला चिकटून बसे, दर थोड्या अंतराला थांबून खरवडावी लागे. त्याने करवतीच्या मोडक्या पोलादी पात्यापासून गुळगुळीत नांगर केला आणि माती सरकून पडू लागली. म्हणजे माती सुटते ती गुळगुळीतपणामुळे, आणि नव्या नांगरावरचा तो सुंदर रंग याच्याच आड येतो. पहिल्या दिवशी काळ्या रानात घालू नका. आधी मुरमाड किंवा वाळूसर रानात अर्धा-एक एकर चालवा, म्हणजे रंग घासला जाऊन पत्रा आरशासारखा होतो. तसं रान नसेल तर ग्राइंडरला पॉलिश पेपर लावून रंग काढा. पत्र्यावर वेल्डिंगचे थेंब किंवा बोल्टची वर आलेली डोकी राहिली असतील तर तिथूनच माती धरते. बोल्टची डोकी पत्र्याच्या पातळीत बसलेली हवीत. अतिशय चिकट रानासाठी पट्ट्यापट्ट्यांचा पत्राही मिळतो. मातीला चिकटायला जागा कमी, म्हणून तो हलका चालतो, पण मुरमाड रानात पट्ट्या लवकर झिजतात आणि वाकतात. माण, खटाव, आटपाडी, जतकडच्या रानाला सलग पत्राच बरा.

फ्रेम बघताना चौकोनी पाइपच्या उघड्या टोकात बोट घालून जाडी मोजा. ८ मिमीच्या खाली असेल तर नको. पुढच्या आणि मागच्या फाळातलं अंतर लांबीत २८ इंचांच्या आसपास तरी असावं. खोडवा मोडताना पाचट आणि बुडखे अडकतात ते इथेच, आणि एकदा गुंता झाला की नांगर मातीवरून सरकत जातो. अंतर कमी ठेवलं की नांगर आखूड आणि स्वस्त होतो, म्हणून काही जण ते कमी ठेवतात. विक्रेता याला ‘कॉम्पॅक्ट मॉडेल’ म्हणतो.

फाळाची दांडी आणि फ्रेम यांच्यामधला, जोर आला की मुद्दाम तुटणारा बोल्ट हा या नांगराचा फ्यूज. फाळ दगडाला थडकला की बोल्ट तुटतो, दांडी मागे झुकते, बाकी सगळं वाचतं. बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९ किंवा १२.९ असा आकडा कोरलेला असतो. वर्कशॉपने ८.८ दिला असेल तर तोच लावायचा. दिवसात तीनदा तुटला म्हणून वैतागून १२.९ चा लावला की बोल्ट तुटायचा थांबतो आणि पुढच्या दगडाला दांडी वाकते. शेतात जाताना आठ-दहा बोल्ट, पाना आणि तुटलेला तुकडा ठोकून काढायला छिन्नी सोबत असावी. बोल्ट वारंवार तुटत असेल तर तो कच्चा नाही, वेग जास्त आहे.

जोडणीकडे येऊ. पूर्वी नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढला जायचा. फाळ अडला की मागची चाकं फिरतच राहायची आणि ट्रॅक्टरचं तोंड उचलून तो चालकावर उलटायचा. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने तीन सांध्यांनी नांगर ट्रॅक्टरला असा जोडला, की नांगरावर जोर आला तर वरची टॉप लिंक ट्रॅक्टरला पुढे रेटते आणि तोंड जमिनीला धरून राहतं. शिवाय त्याच रेट्याचा इशारा हायड्रॉलिकला मिळतो आणि नांगर किंचित उचलला जातो. १९३६ मध्ये फर्ग्युसन-ब्राऊन ट्रॅक्टर बाजारात आला, १९३९ मध्ये हेन्री फोर्डबरोबरचा फोर्ड ९ एन. आज तुमच्या ट्रॅक्टरमागचे तीन सांधे आणि ओढीप्रमाणे नांगर उचलणारा ड्राफ्ट लिव्हर तेच आहेत. म्हणून टॉप लिंकच्या जागी लोखंडी पट्टी ठोकून ‘तात्पुरतं’ काम चालवणं हा जिवाशी खेळ आहे.

या आकाराच्या ट्रॅक्टरला खालच्या पिना २८ मिमी आणि टॉप लिंकची पिन २५ मिमी लागते. वर्कशॉपमध्ये पिना घालून हलवून बघा. भोक दोन-तीन मिमी मोठं पाडलेलं असेल तर नवाकोरा नांगरही खुळखुळतो, आणि तो खुळखुळाट भोक आणखी खात जातो.

सेटिंग शेतात करायच्या आधी सिमेंटच्या फरशीवर करावं. दहा इंच खोल नांगरायचं असेल तर ट्रॅक्टरची एका बाजूची दोन्ही चाकं दहा इंच उंच फळ्यांच्या थप्पीवर चढवा. खालचं चाक म्हणजे तासातलं, वरचं म्हणजे न नांगरलेल्या रानावरचं. पलटी नांगराला दोन्ही लिफ्ट आर्म (नांगर उचलणाऱ्या दांड्या) सारख्याच लांबीचे ठेवायचे. साध्या नांगराच्या सवयीने एक आखूड करू नका. नांगर फरशीला टेकेल इतका खाली आणा आणि मागे उभं राहून गवंड्याचा ओळंबा दांडीजवळ धरा. दांडी ओळंब्याला समांतर होईपर्यंत त्या बाजूचा, पलटी जिथे थांबते तिथला अडथळ्याचा स्क्रू फिरवा, चेकनट घट्ट करा. मग फळ्या दुसऱ्या बाजूला, नांगर पलटी, आणि तोच स्क्रू त्या बाजूचा. एका बाजूची दांडी सरळ आणि दुसरीची तिरकी राहिली, की जाताना तास खोल आणि येताना उथळ पडतं. गावोगाव ‘या नांगराचं एक अंग बरोबर चालत नाही’ अशी जी तक्रार ऐकू येते, ती बहुतेक वेळा या दोन स्क्रूंची असते.

नंतर टॉप लिंक. आखूड केली की फाळाचं नाक खाली जातं आणि नांगर चटकन शिरतो. फारच आखूड केली तर पुढचा फाळ खोल, मागचा वर. लांब केली की शेपूट टेकतं. रानात पन्नास पावलं चालवून थांबा आणि नांगर उचलून तासात उतरा. दोन्ही तासांचा तळ एका पातळीत हवा आणि तासाच्या भिंतीवर फाळाच्या टाचेचा पुसट घासलेला पट्टा दिसायला हवा. पट्टा खोल, चकचकीत असेल तर टाच दाबली जातेय, टॉप लिंक अर्धा-एक फेरा आखूड करा. पट्टाच नसेल तर उलटं. पहिल्या तासावर मात्र निकाल देऊ नका. तेव्हा दोन्ही चाकं वरच असतात, सेटिंग दुसऱ्या तासापासून लागू होतं. खालच्या दोन सांध्यांच्या बाजूच्या चेन दोन बोटं ढिल्या ठेवा, नाहीतर नांगर ट्रॅक्टरला आडवा ओढतो.

ड्राफ्ट लिव्हर पूर्ण लावून सोडून देण्याची सवय मिश्र रानात महागात पडते. निम्मं रान काळं, निम्मं मुरमाड असेल तर घट्ट जागी नांगर उचलला जातो आणि मऊ जागी बुडतो. खोलीचं चाक असेल तर ते लावा. नसेल तर पोझिशन (नांगर ठरलेल्या उंचीवर धरणारा) आणि ड्राफ्ट दोन्ही लिव्हर मिळून खोली धरा.

सिलिंडरचं काम साधं आहे, तरी कटकटी इथेच जास्त. नांगर पूर्ण उचलल्याशिवाय पलटी करायची नाही, नाहीतर फाळ टायरच्या बाजूला बसतो. बरेच स्थानिक नांगर आपोआप तेल उलटवणारा व्हॉल्व्ह न लावता येतात. तिथे सिलिंडर नांगराला मध्यावर उभा करतो आणि तो मध्य ओलांडला की लिव्हर उलटा करावा लागतो. इंजिनचा वेग कमी असेल तर नांगर मध्यावरच अडकून उभा राहतो. अशा वेळी खाली उतरून हाताने ढकलायला जाऊ नका, रेस वाढवा आणि लिव्हर परत मागे-पुढे करा. पाइप जोडण्याआधी दोन्ही कपलर (पाइपचे जोड) फडक्याने पुसायचे आणि नांगर सोडला की टोप्या लावायच्या. त्यात गेलेली चिमूटभर माती सिलिंडरचं सील तर खातेच, ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्येही फिरत राहते. नवा सिलिंडर जोडल्यावर पाच-सहा वेळा पूर्ण आत-बाहेर करून हवा काढा आणि मग ट्रॅक्टरच्या तेलाची पातळी बघा, कारण काही तेल सिलिंडरमध्ये जाऊन बसलेलं असतं.

‘४० एचपीला चालेल का?’ हा प्रश्न दर वर्कशॉपमध्ये विचारला जातो आणि उत्तर दर वेळी ‘आरामात’ असं येतं. हिशोब करून बघा. प्रत्येक फाळाची रुंदी ३० सेंमी, खोली २५ सेंमी. दोन फाळांनी १५०० चौरस सेंमी माती कापली. घट्ट काळ्या रानात दर चौरस सेंमीला ०.८ किलो ओढ धरली तर १२०० किलो. ताशी साडेचार किलोमीटरने ओढायला साधारण २० एचपी लागतात, तेही नांगराच्या जोडावर. चाकाचं घसरणं, माती दबणं, गिअर यांत इंजिनची जवळपास निम्मी ताकद जाते. म्हणजे ४० एचपीचा ट्रॅक्टर सतत पूर्ण जोरावर, दगड किंवा हराळीचं गठाण आलं की बंद. हलक्या रानात आठ इंच खोलीला ४० एचपी चालेल, पण दहा इंच काळ्या रानाला ५० चाच ट्रॅक्टर हवा. आणि साडेतीनशे-चारशे किलोचा नांगर मागे लटकल्यावर पुढची चाकं हलकी होतात, तेव्हा पुढे वजनं लावलेली हवीत. बांधावरून चढताना स्टिअरिंग हवेत गेल्यासारखं वाटलं तर वजन कमी आहे.

त्याच मापाने एकराला किती वेळ तेही निघतं: ६० सेंमी रुंदी, ताशी साडेचार किलोमीटर, म्हणजे तासाला २७०० चौरस मीटर. वळणं धरून एकराला दोन तास. ‘तासात एकर उरकतो’ म्हणणारा एकतर उथळ ओरबाडतोय किंवा दोन चरांमध्ये न नांगरलेली पट्टी सोडतोय. वरून ढेकळं पडल्याने ती दिसत नाही. संशय आला तर लोखंडी सळई आडव्या रेषेत दर अर्ध्या फुटाला खुपसून बघा. डिझेलचा हिशोब विक्रेत्याच्या तोंडी आकड्यावर सोडू नका: टाकी काठोकाठ भरा, एक एकर नांगरा, पुन्हा काठोकाठ भरा. आणि वाफसा बघून घाला. ओल्या काळ्या रानात नांगर चकाकणारे, साबणाच्या वडीसारखे थर उलटतो; ते वाळले की रोटाव्हेटरलाही फुटत नाहीत.

अनुदानाच्या बाबतीत स्थानिक नांगर कमी पडतो. महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर) अर्ज केला असेल तर पूर्वसंमती हातात येण्याआधी खरेदी करायची नसते, आणि अवजाराला मान्यताप्राप्त संस्थेचा चाचणी अहवाल लागतो. गावच्या बऱ्याच वर्कशॉपकडे तो नसतो. ‘बिल पाहिजे तसं करून देऊ’ असं कुणी म्हणालं तर त्या दुकानातून बाहेर पडा. रोखीने घ्यायचा असेल तर मात्र भाव तोडण्यात वेळ घालवू नका. त्याच पैशात बोरॉन फाळांचा एक जादा संच, चार टोची, वीस ८.८ चे बोल्ट आणि सिलिंडरचं सील किट मागून घ्या. वर्कशॉपवाल्यालाही हे परवडतं, आणि पेरणीच्या गर्दीत फाळासाठी त्याच्या दारात दोन दिवस थांबावं लागत नाही. हंगाम संपला की पत्र्यावरची आणि फाळावरची माती धुवून, कोरडं करून, जुनं इंजिन ऑइल ब्रशने फासा आणि नांगर फळ्यांवर उभा करा. पावसाळ्यात एकदा गंजून खडबडीत झालेला पत्रा पुन्हा गुळगुळीत व्हायला सात-आठ एकर खातो, आणि तेवढे एकर ट्रॅक्टर जड जातो.